विंडो सीट घ्यायची म्हणजे नुसतं 'ए' दाबून होत नाही

एकदा मी जास्तीचे पैसे मोजून विंडो सीट घेतली आणि आत जाऊन बसलो तर शेजारी भिंत. अगदी खरीखुरी भिंत, करड्या प्लास्टिकची. पुढच्याला खिडकी, मागच्याला खिडकी, मधे मी. सगळा प्रवास मान वाकडी करून पुढच्या माणसाच्या खांद्यावरून जेवढं आकाश दिसलं तेवढं बघितलं, आणि उतरल्यावर आधी हे शोधून काढलं की असं होतंच कसं. तेव्हापासून सीट निवडायला मी तिकीट काढण्यापेक्षा जास्त वेळ घालवतो, घरचे हसतात, हसू देत.

तर पहिली गोष्ट, लोक चुकतात ती क्रमात. आधी रो बघतात, पुढची घेऊ का मागची, आणि बाजू कुठली तर जी रिकामी असेल ती. उलटं करा. आधी बाजू ठरवा, डावी की उजवी. मग सूर्य कुठे असेल ते बघा. रो सगळ्यात शेवटी. कारण चुकीच्या रोमधे अर्धा पंख दिसेल पण उरलेल्या अर्ध्यात काहीतरी दिसेलच, चुकीच्या बाजूला बसलात तर पूर्ण डोंगररांग पलीकडच्या खिडकीतून जाते आणि तुम्ही इकडे निळा रंग बघत बसता.

बाजू ठरवायला फार काही लागत नाही. कॉकपिटकडे तोंड करून बसल्यावर डाव्या हाताला ए, कायम. उजव्या हाताचं शेवटचं अक्षर विमानाप्रमाणे बदलतं, ३-३ सीटच्या विमानात एफ, मोठ्या दोन गल्ल्यांच्या विमानात बहुतेक वेळा के. आता नकाशा उघडा, निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण यांच्यामधे रेघ मारा आणि स्वतःला त्या रेघेवर चालत असल्यासारखं समजा. पूर्वेला चाललात तर डावा हात उत्तरेला. पश्चिमेला चाललात तर उजवा हात उत्तरेला. बस एवढंच, आणि परतीच्या प्रवासात सगळं उलटं, हे विसरणारे लोक मी पाहिलेत, जाताना ए घेतली म्हणून येतानाही ए.

उदाहरणं घेऊ म्हणजे डोक्यात बसेल. दिल्लीहून काठमांडू, विमान पूर्वेकडे जातं, हिमालय उत्तरेला, म्हणून डावी. येताना उजवी. तोक्योच्या हानेदाहून ओसाका किंवा फुकुओकाकडे निघालात तर विमान सहसा फुजी डोंगराच्या दक्षिणेकडून जातं, म्हणजे फुजी उजवीकडे. नैरोबीहून झांझिबारला जाताना किलिमांजारो उजवीकडे, कारण तो सरळ रेघेच्या पश्चिमेला आहे आणि तुम्ही दक्षिणेकडे चाललेले असता. सांतियागोहून ब्वेनोस आयरेसला जाताना अँडीज ओलांडताना अकोंकाग्वा डावीकडे. हा ६,९६१ मीटरचा डोंगर आहे आणि सांतियागोहून उडाल्यावर तो इतक्या लवकर येतो की पट्टा बांधून नीट बसेपर्यंत मागे जाईल, त्यामुळे इथे टेकऑफनंतर लगेच खिडकीला नाक लावायचं.

पण नकाशावरची रेघ आणि विमान प्रत्यक्षात जातं ती वाट यात फरक असतो, कधी कधी बराच. लांबच्या फ्लाइट पृथ्वीच्या गोलाईवरून सगळ्यात जवळच्या वाटेने जातात, सपाट नकाशावर ती वाट कमानीसारखी वर चढलेली दिसते. म्हणून लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारा माणूस ग्रीनलँड बघतो आणि त्याला आश्चर्य वाटतं की हे कुठून आलं मधेच. शिवाय अटलांटिकवरचे मार्ग वाऱ्याप्रमाणे रोज बदलतात. तर सोपा उपाय, फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर तुमच्या फ्लाइटचा नंबर टाका आणि मागच्या चार-पाच दिवसांत तीच फ्लाइट नक्की कुठून गेली ते बघा. चार दिवस डोंगराच्या दक्षिणेकडून गेली असेल तर पाचव्या दिवशीही बहुधा तशीच जाईल. ही पाच मिनिटं घालवा, बाकीचं सगळं वाचलं नाही तरी चालेल.

आता सूर्य. याबद्दल कोणी बोलत नाही आणि मला तर वाटतं रोपेक्षा हे दसपट महत्त्वाचं आहे. उन्हाच्या बाजूला बसलात तर काय होतं, खिडकीवरचे सगळे ओरखडे, बोटांचे डाग, कोणाच्या तरी केसांचं तेल, सगळं चमकायला लागतं आणि बाहेरचं धुरकट दिसतं. हवेतली धूळसुद्धा सूर्याच्या दिशेला बघितलं की पांढरी होते. तीच हवा, तीच वेळ, पण सावलीच्या बाजूने बघितलं तर सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि खालचं सगळं उजळलेलं, रंगासकट दिसतं. म्हणून नियम असा की खाली जमीन बघायची असेल तर सावलीची बाजू. उत्तर गोलार्धात, विषुववृत्तापासून जरा वर गेलात की दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, तर उत्तरेकडची खिडकी चांगली. दक्षिण गोलार्धात उलटं. सकाळी सूर्य पूर्वेला म्हणून पश्चिमेची खिडकी, संध्याकाळी पूर्वेची. उष्ण कटिबंधात भर दुपारी सूर्य डोक्यावरच असतो तेव्हा फार फरक पडत नाही, पण तेव्हा तसंही सगळं सपाट दिसतं.

मजा अशी की वरच्या उदाहरणांत काही ठिकाणी दोन्ही गोष्टी जुळून येतात. काठमांडूला जाताना डोंगर उत्तरेला, सूर्य दक्षिणेला, म्हणजे बर्फावर समोरून ऊन आणि तुमच्या डोळ्यात नाही. फुजीचं पण तेच. अकोंकाग्वाच्या बाबतीत मात्र नाही, तिथे सूर्य उत्तरेकडे आणि डोंगरही उत्तरेकडे, म्हणजे भर दिवसा उन्हाच्या तोंडावर बघावं लागतं. तरी मी डावीच घेईन, अकोंकाग्वा उजवीकडे दिसणारच नाहीये तर सावली घेऊन काय करू.

सावलीच्या बाजूचा अजून एक फायदा आहे आणि तो मला कोणी सांगितला नव्हता, स्वतःच एकदा दिसला. विमान ढगांच्या वरून जात असताना खाली ढगावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं, आतून निळसर, बाहेरून लालसर, कधी एकात एक दोन-तीन कडी. आपल्याकडे याला इंद्रवज्र म्हणतात. ते कायम सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतं, म्हणून उन्हाच्या खिडकीतून कधीच दिसणार नाही. विमान ढगांच्या जवळ असेल तर सावली मोठी दिसते, मग नीट बघा, कड्याचा मध्य विमानाच्या सावलीत नेमका कुठे आहे ते. तो तुमच्या सीटवर असतो. पंखाच्या मागे बसला असाल तर शेपटीकडे, पुढे बसला असाल तर नाकाकडे. म्हणजे एकाच विमानातल्या प्रत्येक रोचं इंद्रवज्र वेगळं. मी ते बघितल्यावर शेजारच्या झोपलेल्या माणसाला उठवायचा मोह झाला होता, उठवलं नाही.

सूर्यास्त बघायचा असेल तर अर्थातच वरचा नियम उलटा, उन्हाची बाजू घ्या. विमान पश्चिमेकडे चाललं असेल तर सूर्यास्त लांबतो, कारण तुम्ही पृथ्वीच्या फिरण्याच्या विरुद्ध पळत असता. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण १,६७० किलोमीटरने फिरतो, विमान ९००च्या आसपास, त्यामुळे तिथे सूर्य जिंकतोच पण हळू जिंकतो. जसं वर उत्तरेकडे जाल तसा हा वेग कमी होत जातो आणि ५७ अंश अक्षांशाच्या आसपास दोघं बरोबरीत येतात, तिथे पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानातून सूर्य क्षितिजाला चिकटून तासन् तास तसाच राहू शकतो. आणि सूर्यास्ताच्या विरुद्ध बाजूला बसलेल्यांनी वाईट वाटून घेऊ नका, सूर्य बुडाल्यावर तुमच्या बाजूला क्षितिजावर गडद निळा पट्टा वर चढतो आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. तो निळा पट्टा म्हणजे चक्क पृथ्वीची सावली. ३५,००० फुटांवरून क्षितिज ३६०-३७० किलोमीटर लांब असतं, म्हणून ती जमिनीवरून दिसते त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते.

आता रो. ए३२० किंवा ७३७ सारख्या विमानात साधारण ९-१० पासून २० पर्यंतच्या रो पंखावर असतात, एअरलाइनने सीट कशा बसवल्यात त्याप्रमाणे एक-दोन इकडेतिकडे. तिथे बसलात तर खाली बघितल्यावर पंखच दिसणार. पंखाच्या पुढची सीट सगळ्यात उत्तम, खाली, समोर, बाजूला सगळं मोकळं. पण पंख चालू होतो तिथून एक-दोन रो पुढे असलात तर इंजिनाचा डबा मधे येतो, तर अजून थोडं पुढे सरका. पुढच्या रो महाग असतात हे खरं, मग मागे जा, पंख संपल्यावर चार-पाच रो सोडून. मागे एक अडचण आहे, इंजिनातून निघणारी गरम हवा. तापलेल्या रस्त्यावर दूरचं जसं थरथरताना दिसतं तसं मागच्या खिडकीतून बघताना एक पट्टा हलतो, डोळ्याला चालतं पण झूम करून फोटो काढला की सगळं पाण्यातून काढल्यासारखं. मला तरी पंखाचं टोक फ्रेममधे आलेलं आवडतं, नुसते ढग म्हणजे काहीच अंदाज येत नाही, त्यामुळे फोटोसाठी मी मागेही खुशीने बसतो. अगदी शेवटची रो मात्र टाळा, टॉयलेटची रांग तुमच्या खांद्याशी.

दोन गल्ल्यांच्या मोठ्या विमानांत पंख एवढा रुंद असतो की इकॉनॉमीचा बराचसा भाग त्याच्यातच जातो. तिथे सरळ मागचा तिसरा हिस्सा बघा. ७८७ मिळालं तर नशीब, खिडक्या ४७ सेंटीमीटर उंच, गल्लीतल्या माणसालाही क्षितिज दिसतं. फक्त त्या खिडक्यांना शटर नसतं, बटणाने काच निळी-काळी होते आणि त्याचा कंट्रोल क्रूकडेही असतो, दिवसाच्या लांब फ्लाइटमधे सगळ्यांना झोपवायला ते सगळ्या काचा गडद करतात, तेव्हा विनंती करून बघायची. ए३८० मधे वरच्या मजल्यावर सीट आणि खिडकीच्या मधे सामान ठेवायचा कप्पा असतो, त्याने खिडकी हातभर लांब जाते. झोपायला मस्त, खाली बघायला नाही.

आणि छोटी पंख्याची विमानं, एटीआर, डॅश ८. लोक नाक मुरडतात, आवाज फार, हलतात फार. पण पंख छताच्या वर असतो म्हणून जवळजवळ प्रत्येक खिडकीतून खाली जमीन दिसते, आणि ही विमानं जेटपेक्षा खालून आणि हळू उडतात, ताशी ५०० ते ६५० किलोमीटरच्या आसपास. नदीची वळणं मोजता येतात. डॅश ८-४०० मधे इंजिनाच्या शेजारी बसलात तर लँडिंगच्या आधी त्याच्या खालून चाक उघडून बाहेर येतं ते डोळ्यासमोर बघायला मिळतं, लहान मुलं असतील तर मुद्दाम तीच सीट घ्या (मुलं नसतील तरी घ्या).

भिंतीची गोष्ट राहिली. ७३७ मधे पंख सुरू होतो त्याच्या आसपास एसीच्या हवेचे पाइप विमानाच्या पोटातून भिंतीतून वर छताकडे जातात, तिथे खिडकी ठेवता येत नाही. बऱ्याच विमानांत हे १०-१२ नंबरच्या रोच्या आसपास येतं. आणि बाकी विमानांतही खिडकी तुमच्या सीटला जुळेलच असं नाही, कारण खिडक्या सांगाड्याच्या फ्रेम्समधे बसवलेल्या असतात, ए३२० मधे त्यांच्यातलं अंतर ५३ सेंटीमीटर, आणि सीटमधलं अंतर एअरलाइन ठरवते, ७१ ते ८१ सेंटीमीटर. दोन्हीचा हिशोब जुळतच नाही, मग कोणाला दीड खिडकी आणि कोणाला दोन खिडक्यांमधला खांब. एरोलोपा नावाची साइट आहे, तिच्यावर एअरलाइन आणि विमानाप्रमाणे सीट मॅप आहेत आणि प्रत्येक सीटच्या बाजूला खिडकी कुठे येते ते नीट काढलेलं असतं. एअरलाइनच्या स्वतःच्या सीट मॅपवर विश्वास ठेवू नका, तिथे सगळ्याच कडेच्या सीट विंडो असतात, माझी पण होती.

लँडिंगचं वेगळं गणित आहे. शहर बघायचं असेल तर शेवटची पंधरा-वीस मिनिटंच खरी. उतरताना विमान साधारण ३ अंशाच्या उताराने येतं, म्हणजे रनवेपासून १० किलोमीटरवर ते जेमतेम ५२० मीटर उंच असतं, तिथून इमारती, रस्ते, पूल, सगळं ओळखू येतं. पण कुठल्या दिशेने येणार ते वाऱ्यावर, कारण विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. लंडन हीथ्रोचं सांगतो, तिथे वर्षातले सुमारे ७० टक्के दिवस विमानं पूर्वेकडून, शहराच्या वरून, पश्चिमेकडे तोंड करून उतरतात, मध्य लंडन उत्तरेला राहतं, म्हणून उजवी खिडकी. उरलेल्या दिवसांत उलट्या बाजूने येतात आणि शहर दिसतच नाही. कुठला रनवे चालू आहे ते नंबरवरून कळतं, नंबरच्या पुढे शून्य लावा की दिशा मिळाली, २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. सीट आधीच घेतलेली असते त्यामुळे हा थोडा जुगार आहे, जी दिशा जास्त वेळा असते तिच्यावर लावायचा.

अजून एक, गर्दीच्या एअरपोर्टवर वर घिरट्या घालायला लावतात तेव्हा नेहमीच्या पद्धतीत त्या घिरट्या उजव्या वळणाच्या असतात. वळताना विमान त्या बाजूला कलतं, मग उजवीकडच्यांना जमीन आणि डावीकडच्यांना आकाश. बाकीचे उशीर झाला म्हणून वैतागलेले असतात आणि तुम्ही फुकटात चक्कर मारत असता.

वेळ निवडता येत असेल तर सकाळची. उन्हं चढली की जमीन तापते आणि दुपारपर्यंत डोंगरांवर ढग जमायला लागतात, सकाळी सातला दिसणारं शिखर दुपारी दोनला गायब असतं. शिवाय सकाळचं तिरपं ऊन असेल तर प्रत्येक टेकडीला सावली असते, त्याने उंची कळते. रात्रीची फ्लाइट असेल आणि उत्तर अटलांटिकवरून जात असाल तर उत्तरेकडची खिडकी घ्या, अमेरिकेहून युरोपला येताना डावी, जाताना उजवी, नॉर्दर्न लाइट्स म्हणजे ध्रुवाकडचा आकाशातला रंगीत प्रकाश दिसण्याची शक्यता त्याच बाजूला जास्त. त्यासाठी जॅकेट डोक्यावरून घेऊन खिडकीला तंबू करायचा म्हणजे केबिनचा उजेड काचेत पडत नाही, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्यायची. फोन तेवढा वेळ बंद. लोक बघतील, बघू दे.

बसल्यावरची तयारी थोडक्यात. मऊ रुमाल ठेवा, काच आतून पुसून घ्या. ऑफलाइन नकाशा आधीच डाउनलोड करा, विमान मोडमधेही जीपीएस चालतं कारण तो फोन फक्त सिग्नल ऐकत असतो, पाठवत नाही, खिडकीला धरलात की खाली कुठली नदी आहे ते नावासकट कळतं. फोटो काढताना फोन काचेच्या अगदी जवळ पण टेकवायचा नाही, टेकवला की विमानाची थरथर फोटोत येते. काचेच्या खालच्या बाजूला छोटं भोक दिसतं, ते बिघाड नाही, मधल्या काचेला हवेचा दाब सांभाळायला आणि धुकं धरू नये म्हणून मुद्दाम ठेवलेलं असतं, त्याच्याभोवती बर्फाची नक्षी जमते, तिचा क्लोजअप फार सुंदर येतो. आणि पोलराइज्ड गॉगल काढून ठेवा, खिडकीचं प्लास्टिक ताणलेलं असतं, त्या गॉगलमधून सगळ्या आकाशभर इंद्रधनुषी डाग दिसतात.

एवढं सगळं करून शेवटच्या क्षणी विमान बदलतं. होतं असं, मॅप बदलतो आणि तुमची ७एफ कुठेतरी मधल्या सीटवर जाते. म्हणून आदल्या दिवशी आणि निघायच्या तीनेक तास आधी परत एकदा बुकिंग उघडून सीट तपासा, रिकाम्या असतात तोवर बदलता येतात. तेही हुकलं तर दरवाजे बंद झाल्यावर क्रूला विचारा, पलीकडची खिडकी रिकामी आहे, बसू का. छोट्या विमानात वजनाच्या हिशोबामुळे टेकऑफच्या आधी नाही म्हणतात, तेव्हा गप्प बसायचं, वर गेल्यावर परत विचारायचं. मला आजवर दोनदाच नकार मिळालाय, आणि त्यातल्या एकदा तर पलीकडेही भिंतच होती.